शाईखालची पेन्सिल

खोडलेली ओळ फोटोत खोडलेली दिसत नव्हती, एवढंच झालं होतं. नकाशे विभागातल्या खिडकीशी टेबल लावून, त्यावर जुना नकाशा पसरून, चार कोपऱ्यांवर चार पेपरवेट ठेवून त्यानं फोटो काढला होता, जसे गेली अकरा वर्षं काढत होता. शहराच्या कुठल्याशा भागातल्या पाण्याच्या नळांचा तो नकाशा. चाळीसएक वर्षांपूर्वी कुणीतरी एक नळ पेन्सिलीनं आखला होता आणि मग विचार बदलून निळ्या बॉलपेननं गिरगिटून टाकला होता. कागदावर निळ्या रेघांचं जाळं होतं, त्याखाली काय आहे ते कळायला मार्ग नव्हता. कॉम्प्युटरवर मात्र त्या जाळ्याच्या जागी जेमतेम गुलाबी डाग होता आणि त्यातून पेन्सिलीची रेघ सरळ, कुणी कधी हात न लावल्यासारखी, निघून गेली होती. शेजारी बारीक अक्षरात लिहिलं होतं : चौदा. त्यानं कागद बघितला, पडदा बघितला, पुन्हा कागद बघितला. शेजारच्या टेबलावरची कारकून बाई म्हणाली, "काय हो, नकाशात घर सापडलं की काय तुमचं?" तो हसला. नळाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. त्याला घरातल्या कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या चादरींखाली ठेवलेली एक वही आठवली होती.

कॅमेऱ्याला ऑफिसात सगळे जांभळ्या म्हणायचे. कधी काळी एका साहेबांनी कुठलीशी बंद पडलेली प्रयोगशाळा सामान काढत होती तिथून तो आणला होता. वजनाला विटेसारखा. मागचा पडदा काडेपेटीएवढा, त्यात फोटो निघालाय एवढंच कळायचं, कसा निघालाय ते नाही. बटण दाबलं की लाल दिवा नऊ सेकंद लुकलुकायचा, तेवढा वेळ कॅमेरा मेल्यासारखा पडून राहायचा, दुसरं बटण दाबून उपयोग नाही. ट्यूबच्या उजेडात त्याला काही सुधरायचं नाही, नुसता चिखल. आणि काळा रंग त्याला मान्यच नव्हता. एकदा हेडक्लार्क ओळखपत्राच्या फोटोसाठी काळा कोट घालून बसले आणि फोटोत वांग्याच्या रंगाचा कोट आला. "मी काय बँडमध्ये वाजवतो का?" म्हणून त्यांनी विभाग डोक्यावर घेतला आणि त्याच दिवशी कॅमेऱ्याचं बारसं झालं. पुढे नवा कॅमेरा आला, तो दुसऱ्याच्या टेबलावर गेला, जांभळ्याचं नाव भंगाराच्या यादीत चढलं. त्यानं तो मागून घेतला. "हातात बसलाय माझ्या," असं कारण सांगितलं. खरं कारण ते नऊ सेकंद होते. त्या नऊ सेकंदांत त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षा नसायची. आयुष्यात अशा जागा त्याला फार थोड्या मिळाल्या होत्या.

ऑफिस सुटल्यावर तो जिन्याखालच्या कॅमेरेवाल्याकडे गेला. हा माणूस कॅमेरे दुरुस्त करायचा आणि दुरुस्त होण्यासारखा एकही कॅमेरा आता कुणाकडे नसल्यामुळे दिवसभर डोळ्याला भिंग लावून नुसता बसायचा. फोटो बघून कॅमेरेवाला खूश झाला.

"म्हणजे बिघडलाय का हा?" त्यानं विचारलं.

"बिघडलाय कसला! आपल्या डोळ्याला दिसत नाही असा एक उजेड असतो, तांबड्याच्या पलीकडचा. उन्हात असतो, गरम बल्बात असतो. सगळ्या सेन्सरना तो दिसतो. पण फोटोची वाट लागते म्हणून बनवणारे सेन्सरच्या पुढे एक काच लावतात, ती हा उजेड अडवते. ह्याला ती काचच नाही. प्रयोगशाळेवाल्यांनी मुद्दाम काढली असणार. म्हणून काळ्याचं जांभळं. खोटं नाही बोलत हा. ह्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं, एवढंच."

"आणि शाई?"

"बॉलपेनची निळी शाई ह्या उजेडात विरघळते म्हणा. पेन्सिल नाही विरघळत. पेन्सिल म्हणजे कोळशाची जात, ती काळी ती काळीच." त्यानं खणातून चष्म्याच्या डबीत ठेवलेली एक गोल काच काढली. इतकी गडद तांबडी की काळीच म्हणायची. "ही लेन्सपुढे लावा. तुम्हाला हिच्यातून काही दिसणार नाही, त्याला दिसेल. उन्हात काढा आणि कॅमेरा हलू देऊ नका. काय वाचायचंय एवढं?"

"ऑफिसचे नकाशे," तो म्हणाला.

वही बाबांची होती. बाबा आयुष्यभर आरेखक होते, घरं, पूल, टाक्या, दुसऱ्यांनी बांधायच्या गोष्टी कागदावर आखणारे. पेनला त्यांनी सहीपुरताच हात लावला. ब्लेडनं टोक काढलेली पेन्सिल कानावर असायची, अंघोळीला जातानाही ती काढायची आठवण आईला करून द्यावी लागे. शेवटच्या चौदा महिन्यांत डावं अंग गेलं तेव्हा उजवा हात शाबूत राहिला होता, त्या हातानं ते रोज वहीत दोन-तीन ओळी लिहायचे. आई आधीच गेलेली. करायला ताई. ताई त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी, शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होती, लग्न केलेलं नव्हतं, नोकरी सोडून घरी बसली. तो लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहात होता आणि रविवारी यायचा. बाबा गेल्यावर महिनाभरानं ताईनं ती वही त्याच्या हातात दिली. "तू ठेव." त्यानं उघडून चाळली तर जागोजागी निळ्या बॉलपेननं ओळी गिरगिटून टाकलेल्या. इतक्या दाबून की मागच्या पानावर वळ उठले होते.

"हे कुणी खोडलं?"

"मी."

"का?"

"वाचण्यासारखं नव्हतं."

एवढंच बोलणं. पण घरी येईपर्यंत ते त्याच्या डोक्यात वाढत गेलं. आठवड्यानं मावशी भेटली तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "खोडलंय म्हणजे खोडण्यासारखं काहीतरी असणारच ना. चौदा महिने बंद दाराआड दोघंच. ती बाबांना कशी वागवायची, बघायला कोण होतं?" मावशीनं डोळे मोठे केले. तिच्या डोळ्यांत त्याच्याबद्दलचा जो भाव त्याला दिसला तो त्याला आवडला होता, हेही त्याला आठवत होतं. दुखावलेला मुलगा. वाक्य मावशीकडून मामीकडे गेलं, मामीकडून चुलतभावांकडे. जाता जाता त्यातला प्रश्न गळून पडला आणि नुसतं विधान उरलं. कुणाच्या घरी सगळे जमले की ताई आल्यावर बोलणं थांबायला लागलं. मग ती यायची थांबली. तिनं कधी कुणाला काही विचारलं नाही, त्यालाही नाही. बावीस वर्षं झाली. मधल्या काळात फोन झाले ते कोण गेलं हे कळवायला, आणि त्यातही आवाज असा, की जणू तिसराच कुणीतरी मेला होता आणि त्याचं नाव दोघंही घेत नव्हते.

सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यानं गॅलरीत स्टूल मांडलं, त्यावर कॅमेरा, लेन्सपुढे ती तांबडी काच लावून, पट्ट्यानं आवळून बसवला, खाली उन्हात वही ठेवून पान वर येऊ नये म्हणून दोन्ही कडांना काचेच्या पट्ट्या दाबल्या. बायको कपडे वाळत घालायला आली आणि बघत उभी राहिली.

"बावीस वर्षं न वाचता राहिलात ना? आता अशी काय भूक लागली?"

"नुसतं बघतोय, दिसतं का."

"आणि दिसलं तर?"

त्यानं बटण दाबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. पहिल्यांदाच ते नऊ सेकंद त्याला लांब वाटले. कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं, तर पान फिकट जांभळं, आभाळ भरून आल्यासारखं, आणि त्यावर बाबांचं अक्षर. निळ्या जाळ्याचा मागमूस नाही. आरेखकाचं अक्षर ते, एकेक सुटं, सरळ रेषेवर उभं. 'थोरलीने आज कूस बदलताना हात ओढला. खांद्यात कळ गेली. मुद्दाम ओढला.'

त्यानं ते तीनदा वाचलं. मग जे झालं त्याची पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज वाटायची होती. त्याला आनंद झाला. अंगातून ऊन फिरल्यासारखा खराखुरा, उबदार आनंद. म्हणजे आपण बरोबर होतो. आपण उगाच बोललो नव्हतो. बावीस वर्षं आतल्या आत एक खटला चालू होता, त्यात आपणच फिर्यादी आणि आपणच साक्षीदार, आणि आज प्रत्यक्ष बाबा येऊन साक्ष देऊन गेले. त्यानं बायकोला हाक मारली. "हे बघ." तिनं ओल्या हातांनी चष्मा सावरत वाचलं आणि म्हणाली, "बरं वाटलं?" कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटलं आणि त्यानं मनातल्या मनात नावं काढली. मावशी गेली. मामी गेली. चुलतभावांपैकी जो उरला होता त्याला आता माणसं ओळखू येत नव्हती. खटला जिंकला होता आणि कोर्टात कुणी नव्हतं. तरी तो त्या रात्री दोन घास जास्त जेवला आणि छान झोपला.

बाकीची पानं त्यानं पुढच्या रविवारी काढली. एकूण एकोणीस जागा खोडलेल्या होत्या. बॅटरी दहा फोटोंना दम टाकायची, त्यामुळे मध्ये चार्ज करत, ऊन सरकेल तसं स्टूल सरकवत त्यानं सगळं पुरं केलं आणि मगच वाचायला बसला, मनासारखी गोष्ट माणूस नीट बसून वाचतो तसा. एकोणिसांतल्या तीन ओळी ताईच्या होत्या. उरलेल्या सोळा त्याच्या.

'धाकटा आला. दारातून पाहिले. मी डोळे मिटले होते. गेला.'

'धाकटा आला. स्वयंपाकघरात थोरलीशी बोलत होता. आवाज ऐकला. दारापर्यंत आला. गेला.'

'धाकटा आला. आज डोळे उघडे ठेवले. तरी गेला.'

पुढे फक्त तारखा बदलत होत्या. एके ठिकाणी नुसतं 'आला. गेला.' एवढंच होतं आणि त्यापुढे पेन्सिलीचा एक ठिपका, टोक तुटावं इतका दाबलेला. शेवटच्या दोन महिन्यांत अक्षर रेषेवरून घसरायला लागलं होतं, पण शब्द तेच. कुठं तक्रार नव्हती, शिवी नव्हती. पुलाच्या आराखड्यात जशी मापं लिहितात तशी मापं लिहिली होती.

तो खुर्चीत बसून राहिला आणि त्या दाराशी जायचा प्रयत्न करू लागला. दार आठवत होतं. हिरवा पडदा, त्याची एक कडी निसटलेली. स्पिरिटचा, पावडरचा आणि त्या दोन्हीखाली दडपलेला तिसरा वास. त्या वासाशी आलं की त्याचे पाय आपोआप जड व्हायचे. मग तो स्वतःला म्हणायचा, झोपलेत, कशाला उठवायचं. लोकांनाही हेच सांगायचा, बाबा झोपलेले असायचे. इतक्या वेळा सांगितलं होतं की झोपलेले बाबा त्याला स्पष्ट दिसायचे, छातीवर पांघरूण, तोंड किंचित उघडं. पण डोळे उघडे होते तो रविवार कुठला? त्यानं डोळे बघितले होते का? बघितले असणार. दारातून पलंग चार पावलांवर होता, खिडकी समोर होती. तो आठवायला गेला की डोळ्यांच्या जागी खिडकीची कडी यायची, गंजलेली, वाकडी कडी, तिच्यावरचा पांढरा रंग पोपडे धरून निघालेला, सगळं बारीकसारीक. डोळे नाहीत. म्हणजे मी कडीकडे बघत होतो, त्याला वाटलं. बाबा माझ्याकडे बघत होते आणि मी कडीकडे. मग लगेच वाटलं, हेही आपण आत्ता बनवलं असेल. बावीस वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर आपण इतक्या वेळा स्वतःच्याच हातानं गिरवलंय की मुळात खाली काय होतं हे आता कुठल्या उजेडात दिसणार?

तो आठवडा वाईट गेला. ऑफिसात त्याच्या हातून एक नकाशा फाटला. कारकून बाई म्हणाली, "घरी बरं आहे ना?" आणि तो "हो हो" म्हणाला. बायकोनं सोळाही ओळी वाचल्या होत्या. शेवटी शुक्रवारी भाजी निवडता निवडता खाली मान घालूनच ती म्हणाली, "ताईंनी ही वही तुम्हाला न देता जाळून टाकली असती तरी कुणाला कळलं नसतं." मग थोड्या वेळानं, "नातेवाइकांना ह्या सोळा ओळी वाचून दाखवल्या असत्या तरी चाललं असतं." त्याला ते आधीच सुचलं होतं. बायकोच्या तोंडून ऐकल्यावर मात्र ते खरं झालं.

रविवारी तो दोन बस बदलून ताईकडे गेला. तिसरा मजला, बंद गॅलरीचं घर, दारावर पाटी नाही. ताईनं दार उघडलं आणि क्षणभर ओळखच लागली नाही, तिला त्याची की त्याला तिची, कोण जाणे. ती आटली होती. केस पुरुषांसारखे कापलेले.

"तू?" ती म्हणाली. "कोण गेलं?"

"कुणी नाही. सहज आलो."

"सहज," ती म्हणाली आणि आत गेली. तो मागोमाग गेला. एकच खोली आणि स्वयंपाकघर. टेबलावर औषधांच्या पट्ट्या रबर लावून ठेवलेल्या, शेजारी एक्स-रेचं मोठं पाकीट. त्यानं ते बघितलं आणि पिशवीतून वही काढून त्याच टेबलावर ठेवली. छापून आणलेले फोटोही ठेवले. कॅमेऱ्याबद्दल, काचेबद्दल, उन्हाबद्दल सांगायला लागला. लागतं त्याहून जास्तच सांगितलं. ताई ऐकत होती. फोटोंना तिनं हात लावला नाही.

"बघ तरी."

"नको. पाठ आहेत मला."

"सगळ्या?"

"खोडायचं म्हणजे आधी वाचायला लागतं ना रे."

तिनं चहा टाकला. ती पाठमोरी असताना तो बोलला, कारण समोरून त्याला जमलं नसतं. "ताई, मी माफी मागायला आलोय."

"कशाची?"

"मावशीला मी तुझ्याबद्दल जे बोललो त्याची. तू बाबांना नीट वागवत नव्हतीस, असं. ते खोटं होतं. मला काही माहीत नव्हतं, उगाच बोललो."

ताईनं गॅस बारीक केला आणि वळली. "खोटं कुठं होतं? हात ओढला होता मी. वाचलंस ना? तीनदा ओढला. तिसऱ्यांदा ते ओरडले, खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. दिवसातून आठ वेळा उचलायचं, पुसायचं, आणि त्यांनी तोंडानं एक शब्द बोलायचा नाही, नुसतं बघत राहायचं. काय अंगात आलं माझ्या. मुद्दाम ओढला. त्यांनी बरोबर लिहिलंय, ते चुकीचं माप कधी लिहायचे नाहीत." तिनं कप पुढे सरकवला. "तू अंदाजानं बोललास, पण बरोबर बोललास. म्हणून तर मी कुणाशी भांडले नाही. कशावर भांडणार होते?"

चहा गरम होता. त्यानं तो तसाच घशाखाली उतरवला. येताना बसमध्ये त्यानं सगळं जुळवून ठेवलं होतं. ती रडेल, निदान रागावेल, तो मान खाली घालेल, आणि मग बावीस वर्षांचं काहीतरी सैल होईल. ह्यातलं काहीच वापरायला आलं नाही. जी चूक घेऊन तो आला होता ती इथं कुणी चूक म्हणून घ्यायलाच तयार नव्हतं.

"मग माझ्या ओळी का खोडल्यास?" त्यानं विचारलं. "तुझ्या तेवढ्या खोडायच्या होत्यास."

"आधी माझ्याच खोडल्या. तीन. मग वही पहिल्यापासून बघितली, तर उरलेल्यात सगळीकडे तू. तशीच दिली असती तर तुला वाटलं असतं, स्वतःचं झाकून माझं मुद्दाम ठेवलं. आणि पेन हातात होतंच." तिनं चहाचं भांडं विसळायला ठेवलं. "तुझ्यासाठी केलं असं म्हणू नकोस. मला ते तेव्हाही माहीत नव्हतं आणि आताही नाही."

"मी आत यायला हवं होतं, ताई. एकदा तरी."

"हो. यायला हवं होतंस."

"त्याची तरी माफी..."

"ती माझ्याकडे मागू नकोस. ती द्यायला मी कोण?"

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, पुढे घेत होतं, जागा पुरत नव्हती. ताईनं त्याच्या मुलीची चौकशी केली, ती कुठं असते, काय करते, आणि त्यानं सविस्तर सांगितलं. ऑफिसचं सांगितलं. निवृत्तीला दोन वर्षं उरली म्हणून सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं. ताई अधूनमधून "बरं" म्हणत होती. वही घेऊन जा म्हणाली, इथं ठेवायला जागा नाही, म्हणून त्यानं वही आणि फोटो परत पिशवीत भरले. दारापर्यंत ती आली नाही, "ओढून घे, लागतं आपोआप," असं आतूनच म्हणाली.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. एक थांबा गेला, दुसरा गेला. त्याला हलकं वाटेल असं वाटलं होतं, पण तसं वाटत नव्हतं आणि जडही वाटत नव्हतं. पिशवी मांडीवर होती. ताईनं मुलीची चौकशी केली हे चांगलं लक्षण आहे, असं तो स्वतःला समजावत होता. तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं की दोन तास त्या घरात बसून आपण तिला कशी आहेस म्हणून विचारलं नाही. औषधांच्या पट्ट्या बघितल्या, एक्स-रेचं पाकीट बघितलं, त्यावर छापलेलं हॉस्पिटलचं नावसुद्धा वाचलं आणि त्याच्या शेजारी आपली वही ठेवली. तिनं सगळं विचारलं आणि आपण सगळं सांगितलं. गुडघासुद्धा.

तिसऱ्या थांब्यावर तो उतरला. समोरच्या बाजूची बस यायला वेळ होता म्हणून चालायला लागला. गुडघा दुखत होता. तिसरा मजला चढेपर्यंत धाप लागली, आणि दारासमोर उभं राहिल्यावर पाय पूर्वीसारखेच जड झाले, अगदी तसेच. वास कुठलाच नव्हता, तरी. आत नळ चालू होता. ताई भांडी घासत असणार. पाच वाजून गेले होते, जिन्यातला उजेड कमी झाला होता. आत्ता खाली उतरलं तर कुणाला कळणार नाही, असं त्याला स्वच्छ वाटून गेलं, आणि ते वाटत असतानाच त्यानं बेल वाजवली.

नळ बंद झाला. दार उघडायला तिला बराच वेळ लागला.

"काय विसरलास?"

त्यानं दम घेतला. "ताई, तू कशी आहेस?"

ती दाराची कडी धरून उभी राहिली. ओले हात कोपरापर्यंत साबणाचे. त्याच्याकडे बघत राहिली, तोही तिच्याकडे बघत राहिला. तिचे डोळे पिंगट होते, बाबांचेही तसेच होते की नाही ते मात्र त्याला आठवलं नाही.

"बरी नाहीये," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.